भिंतीतली बाई

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच, त्याबद्दल माफी असावी. शाळा लवकर सुटली. खाडीकाठी फकीरबाबांच्या तकियात, म्हणजे त्यांच्या मठीत, राहतो. तिथे ऐकलं तसं लिहितो.

“यात नवीन काय आहे, बाबा?”

विचारणारे टिपणीससाहेब. पेटंट कचेरीत परीक्षक, पण बाबांकडे लहानपणापासून येणारे.

“सकीना मुकादम म्हणून एक बाई आहे. होड्यांचं लोखंड गंजू नये म्हणून तिने लेप केलाय. काजूच्या टरफलांचं तेल आणि जस्ताची पूड. दोन्ही जुनीच. एकत्र करणं कुणालाही सुचलं असतं. उघड आहे. उघड गोष्टीला पेटंट मिळत नाही.”

“मग दे नकार. इथवर चिखल तुडवत कशाला आलास, मुकुंदा?”

“नकार टाईप करून आणलाय. उद्या सही करायची. पण तिचं अर्धं आयुष्य त्यात गेलंय... झोप लागत नाही.”

“तुला कधी सुचलं?”

“काय?”

“तेल आणि पूड.”

“तिचा अर्ज वाचला, मग जुने कागद काढले. सगळं त्यांत होतंच की!”

बाबांनी समोरच्या भिंतीकडे हनुवटी केली.

“काय दिसतं?”

“ओल. पोपडे.”

“नीट बघ.”

“ओलच आहे, बाबा.”

बाबा उठले. भिंतीला न लावता बोट फिरवलं. हा डोळा. हा दुसरा. हे मोकळे केस. हे उघडं तोंड...

साहेब मागे सरकले.

“ती बघतेय माझ्याकडे.”

मलाही दिसली. इतकी वर्षं मी त्याच भिंतीशी उशी टाकून झोपत होतो.

“आता पुन्हा नुसती ओल बघ,” बाबा म्हणाले.

साहेबांनी डोळे मिटले, उघडले. मान तिरकी केली. कपाळाला घाम आला.

“होत नाही, बाबा.”

“मघाशी कुठे होती ती?”

“इथेच. उघड तर...”

साहेबांनी समोर ठेवलेल्या नकाराच्या कागदाकडे पाहिलं. बाहेर ओहोटीचा चिखल बुडबुडत होता.

साहेब उठले. भिंतीकडे पाठ न करता, उलट पावली दारापर्यंत गेले.

“मुकुंदा, कागद राहिला तुझा.”

“राहू दे, बाबा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुना कालवला. भिंतीला दोन हात दिले. पांढरी स्वच्छ झाली.

“गेली ना, बाबा?”

बाबांनी मान वर केली नाही.

“भिंतीवरून गेली.”