हैबतीनं भिंतीचं ऐकलं

एका गावात हैबती नावाचा एक भोळा भाऊ होता. भाऊ म्हणायचं कारण, त्याला ताना नावाची लग्नाची बहीण होती आणि वडील वारले होते. म्हणजे तिचं लग्न जुळवणं हैबतीच्याच गळ्यात होतं.

त्या दिवसांत दूर कुठेतरी मोठी लढाई चालली होती. कुठे, ते गावात कुणालाच सांगता येत नव्हतं. पण चावडीच्या भिंतीवर ती रोज दिसायची. मोघे कारकून तालुक्याहून रंगीत चित्रं आणायचे आणि हैबती पिठाची खळ करून ती डकवायचा.

"नुसतं डकवू नकोस," कारकून म्हणायचे. "वाच. आणि तसंच वाग."

पहिल्या चित्रावर लिहिलं होतं, 'भिंतीला कान असतात. तोंड उघडू नका.'

त्याच दुपारी शेजारगावचे आबाजी आपल्या मुलासाठी, दौलूसाठी तानाला बघायला आले. तानानं दौलूला जत्रेत पाहिलं होतं आणि मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता.

आबाजींनी विचारलं, "मुलीचं नाव काय?"

हैबतीनं चारी भिंतींकडे पाहिलं. मग आबाजींचा हात धरून त्यांना भर उन्हात गावाबाहेरच्या माळावर नेलं आणि कानात सांगितलं, "ताना."

घरी आल्यावर आबाजींनी विचारलं, "स्वैपाक येतो का?"

पुन्हा माळ.

तिसऱ्या खेपेला आबाजींनी माळावरूनच घरची वाट धरली.

कारकुनांनी कपाळाला हात लावला. "अरे, तोंड शत्रूपुढे उघडायचं नाही. पाहुण्यापुढे उघडायचं."

"शत्रू ओळखायचा कसा, रावसाहेब?"

"हे काय, आजचं चित्र तेच आहे."

चित्रात लालभडक डोळ्यांचा, पुढे आलेल्या दातांचा एक माणूस होता. खाली लिहिलं होतं, 'हा तुमच्या घरात शिरेल. तुमची लेक घेऊन जाईल. वेळीच रोखा.'

आबाजी तसे मोठ्या मनाचे. आठवड्यानं ते पुन्हा आले. गाडीवाटेची धूळ जाऊन त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि दात तर जन्मापासूनच पुढे होते. घरात पाऊल टाकत ते हसून म्हणाले, "झालं गेलं विसरा. तुमची लेक आता आम्ही घेऊन जाणार."

हैबतीनं त्यांना गोठ्यात खुंट्याला बांधलं.

आईनं सोडवलं, पाय धरले, दूध दिलं. दूध पिऊन आबाजी म्हणाले, "ही सोयरीक मोडली."

ताना चुलीपाशी बसून रडायला लागली. हैबतीला काही ते बघवेना. तो कारकुनांकडे गेला.

"रावसाहेब, तुमचं चित्र खोटं निघालं."

"खोटं नाही रे, फुगवलेलं असतं. माणसाला भीती घालायची, नाहीतर त्याच्यावर बोट रोखायचं. जाईल तिथे तेच चित्र दिसलं, की त्याला पटतं."

"कुणालाही पटतं?"

"कुणालाही. म्हणून तर सरकार खळीला पैसे देतं."

हैबतीच्या डोक्यात उजेड पडला. नव्या गुंडाळीतल्या सगळ्या चित्रांत एकच शिपाई बघणाऱ्यावर बोट रोखून उभा होता. 'मला तू हवास. आजच ये.' हैबतीनं काव आणि काजळ घेतलं. शिपायाच्या मिशा झाकून नथ काढली, फेट्याचा पदर केला. बोट राहू दिलं. खाली लिहिलं, 'ताना, हैबतीची बहीण.' दौलू कुठल्या वाटेनं जाईल कुणी सांगावं, म्हणून पंचक्रोशीतल्या एकूण एक भिंतीवर त्यानं ते चित्र डकवलं.

दुसऱ्या दिवशी आईनं दार उघडलं तर दारापासून ओढ्यापर्यंत रांग. तरणे होते, बिजवर होते. एक म्हातारबुवा सुनांना सांगून आले होते.

आई म्हणाली, "मुडद्या, हे रं काय?"

"पटलं सगळ्यांना," हैबती म्हणाला.

तानानं दाराआडून पाहिलं. तिचा चेहरा खुलला. "दादा, दौलू आलाय. घरी न सांगता आलेला दिसतोय. तो बघ, शेवटी उभा आहे."

"येऊ दे की. पण रीतसर."

चावडीवर फौजेच्या भरतीचे साहेब काय करतात ते हैबतीनं रोज पाहिलं होतं. त्यानं दाव्याला मापाची एक गाठ मारली आणि एकेकाची छाती मोजायला घेतली. म्हातारबुवा श्वास कोंडून मापात बसले. एक पैलवानही बसला. त्यांना हैबतीनं ओसरीवर घेतलं, गूळपाणी दिलं. शेवटी दौलू पुढे आला. बिचारा अंगानं काटकुळा. दाव्याची गाठ त्याच्या पाठीमागे लोंबत राहिली.

"दादा, घे रे त्याला," ताना कळवळून म्हणाली.

"ताने, इथं वशिला चालत नाही."

हैबतीनं दौलूच्या पाठीवर मायेनं थाप मारली आणि त्याला घरी धाडलं. "दूध पी, जोर काढ," तो म्हणाला, "आणि पुढच्या लढाईला ये."