कोशिंबिरीचे जैतून

"हिरवे, काळे की जांभळे? आज तरी नीट सांगा, बाबा."

इद्रीस टोपली घेऊन दारात उभा होता.

"तुला आवडतील ते आण," दाऊदबाबा म्हणाले.

"रोज हेच सांगता."

"रोज तूही हेच विचारतोस..."

इद्रीस हसला नाही. तो बाजाराच्या वाटेला लागला.

समुद्राकाठच्या त्या डोंगराळ गावात जिकडेतिकडे ऑलिव्हच्या बागा होत्या. तिकडे त्याला जैतून म्हणत. गावाच्या टोकाला फकिरांचा एक छोटा मठ होता आणि दाऊदबाबा तिथले वडीलधारे. इद्रीस त्यांचा शिष्य. मूळचा शहरातल्या अत्तरवाल्याचा मुलगा. नाक तीक्ष्ण, जीभ त्याहून तीक्ष्ण.

मठात दुपारच्या जेवणाला कोशिंबीर असायची, आणि कोशिंबिरीत जैतून. ते निवडायचं काम इद्रीसने आपणहून अंगावर घेतलं होतं. तो प्रत्येक पिंपातला एक तोंडात टाकायचा, दाताखाली धरायचा, थुंकायचा.

"याला मीठ घाईत घातलंय."

"हा झाडावरून उशिरा उतरवलाय."

दुकानदार कान पकडायचे. एवढं झाल्यावर तो जे आणायचा ते बाबा चवीने खायचे आणि म्हणायचे, "छान."

त्या एका शब्दावर इद्रीसचा दिवस जायचा.

गेल्या हिवाळ्यात मात्र तो तापाने पडला आणि बाजारात हसन गेला. मठातला दुसरा शिष्य, गरीब स्वभावाचा. त्याने आणलेले जैतून मऊ पडलेले, नुसते खारट. बाबांनी ते खाल्ले आणि म्हणाले, "छान."

इद्रीसला अंथरुणातून ते ऐकू आलं. तापापेक्षा ते जास्त लागलं. संध्याकाळी हसन उशाशी येऊन म्हणाला, "तू आणतोस तसे नाही मिळाले रे मला." इद्रीसने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलं होतं.

आजचा दिवस मोठा होता. बाबांचे जुने मित्र हकीम झाकेर मुलूखभर फिरून परतले होते आणि जेवायला येणार होते. दहा गावचं मीठ चाखलेला माणूस. त्यांच्या तोंडून आपल्या निवडीचं कौतुक व्हावं, बाबांच्या देखत व्हावं, एवढंच इद्रीसला हवं होतं. त्याने तिन्ही प्रकारचे जैतून घेतले.

हकीम आले तेव्हा तीन वाडगे मांडून तयार होते.

"हे हिरवे, ठेचून मुरवलेले," इद्रीस सांगू लागला. "कडसर आहेत म्हणून लिंबू आणि कोथिंबीर. हे जांभळे आंबटसर, म्हणून काकडी आणि पनीर. आणि हे सुरकुतलेले काळे, कोरड्या मिठातले. यांना संत्रं आणि कांदाच लागतो."

हकिमांनी एकेक चाखला. डोळे मिटले.

"वा! असे जैतून मी बंदरावरच्या सरदारांकडेही खाल्ले नाहीत."

इद्रीसने हळूच बाबांकडे पाहिलं.

"पण दाऊद, हा पोरगा तुझ्याकडे फुकट जातोय रे," हकीम हसत म्हणाले. "मागे त्या तापात तुझ्या जिभेची चव गेली ती गेलीच ना? का आली परत?"

"कुठली येते!" बाबा मजेत म्हणाले. "मला गूळ आणि माती सारखीच."

इद्रीसच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"तू इथे यायच्या कितीतरी आधीपासून," हकीम म्हणाले. "म्हणजे... तुला ठाऊक नव्हतं?"

इद्रीसने चमचा खाली ठेवला आणि तो बाहेर निघून गेला.

मठामागे विहीर होती. तिच्या कठड्यावर तो बसून राहिला. आत सगळे हात धुऊन पानावर बसले होते. कुणीच घास उचलला नाही.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. बाबा आले. दुसऱ्या हातात काळ्या जैतुनांचा वाडगा होता. कण्हत कण्हत ते शेजारी टेकले.

"जेवण थांबलंय."

"हसन वाढेल."

"हं..."

इद्रीसने एक खडा विहिरीत टाकला.

"इतकी वर्षं मी सगळा बाजार पालथा घालतोय," शेवटी इद्रीस म्हणाला. "आणि तुम्हाला काही कळतच नव्हतं!"

"नव्हतं."

"तरी रोज छान म्हणायचात."

"म्हणायचो."

"हसनच्या त्या लगद्यालासुद्धा!"

"त्यालासुद्धा."

"म्हणजे खोटं बोलायचात."

"मी वाडग्याकडे बघून म्हणत नव्हतो रे..."

इद्रीस विहिरीत बघत राहिला. त्या संध्याकाळचा हसनचा चेहरा कसा होता, ते त्याला आठवेना. त्याने तो पाहिलाच नव्हता.

बाबांनी वाडग्यातला एक काळा जैतून उचलून तोंडात टाकला.

"कसा आहे?"

"मला काय विचारता? तुमच्या तोंडात आहे."

"म्हणून तर तुला विचारतो."

"उत्तम आहे."

"उत्तम ही चव आहे का?"

"म्हणजे... आजच्या बाजारात याच्यासारखा दुसरा—"

"हीसुद्धा चव नाही."

आयुष्यात इद्रीसने हजारो जैतून दाताखाली धरले होते. बरा की वाईट एवढं कळलं की थुंकून पुढच्या पिंपाकडे वळायचं. मठातही तो वाढायला उभा राहायचा, नजर बाबांच्या तोंडाकडे. स्वतःच्या पानात काय पडलं, ते त्याला उठल्यावर आठवतही नसे.

त्याने वाडग्यातला एक उचलला. डोळे मिटले.

"आधी कडू..." तो म्हणाला.

"हं."

"मग मीठ. समुद्राचं नाही... घामाचं असतं तसं."

बाबा खुदकन हसले. "पुढे?"

"उन्हात तापलेल्या चामड्याचा वास. आणि त्याच्या मागून तेल येतं. हळूहळू. एकदम मऊ..."

तो थांबला.

"पुढे?"

"पुढे... आई आहे, बाबा. सकाळी मी घराबाहेर पडताना ती भाकरीला असंच तेल लावून हातात द्यायची. मी चालता चालता खायचो. तिला कधी सांगितलं नाही, कसं लागलं ते..."

बाबांचा जबडा सावकाश हलत होता. आतून हकिमांचं मोठ्याने खाकरणं ऐकू आलं. त्यांना भूक लागली असावी. कुणीतरी त्यांना गप्प केलं.

इद्रीसने घास गिळला. डोळे पुसले. मग लहान मुलाने विचारावं तसं विचारलं,

"लागली का चव, बाबा?"

बाबांनी तोंडातली बी काढून झुडपात टाकली. इद्रीसच्या खांद्याचा आधार घेत ते उठले.

"तुला लागली ना?" ते म्हणाले. "मग चल, वाढ."