छत्रीखालचे गव्हर्नरसाहेब

विलायतेहून शिकून अनसूया आपल्या बेटावर परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, घरोघर स्वराज्याच्या घोषणा ऐकू येतील. इथे तर पुढारी मंडळी इंग्रज गव्हर्नरच्या चहापानात माना डोलवत होती. ते पाहून तिने परत लंडनला जायचा बेत केला होता. पावसाने दिवाणखाना गळत होता, म्हणून साहेब छत्री उघडून चहा पीत होते.

त्याच चहापानात अनसूयेने साहेबांकडे निवडणुका मागितल्या.

साहेब हसले. “पोरी, स्वतःचा कारभार तुम्हा लोकांना झेपायचा नाही!”

“साहेब, हे छप्पर का शाकारत नाही?”

“लंडनची परवानगी यायची आहे.”

“आमचं छप्पर गळलं, तर आम्ही कोणाला न विचारता त्याच दिवशी शाकारतो. मग स्वतःचा कारभार झेपत नाही तो कोणाला?”

साहेबांना ठसका लागला. पुढारी आधी दचकले, मग पोट धरधरून हसले.

दुसऱ्या सकाळी अनसूयेने लंडनला परतायचा बेत मोडला आणि त्या हसणाऱ्यांनाच घेऊन निवडणुकीची मागणी गावोगाव न्यायचं ठरवलं.