नावाने निघालेले दगड

त्या काळी निवांत महाराजांचा मुक्काम धावडखोप आणि बोरेवळण या दोन गावांच्या शिवेवर, बुजलेल्या विहिरीपाशी होता. वीस वर्षांपूर्वी दोन सरदार लढले आणि त्यांच्यासाठी ही गावे एकमेकांना कापत सुटली. पुढे सरदारांनी आपसात सोयरीक केली. गावांना मात्र कोणी कळवले नाही.

तेव्हापासून रीत पडली होती. सोळावे लागलेल्या प्रत्येक पोराने आपल्या गावच्या एका मृताचे नाव घेऊन सामाईक विहिरीत धोंडा टाकायचा, म्हणजे शत्रूला पाणी मिळू नये. शत्रूला मिळाले नाहीच. आपल्यालाही मिळाले नाही, पण त्याची चर्चा होत नसे.

यंदा ओढाही आटला. गुरे पडू लागली. धावडखोपची सटवाक्का कुंभारीण रोज विहिरीशी धोंड्यांना झोंबू लागली. तिचा लेक त्याच लढाईत गेला होता. एकही धोंडा हलेना.

धावडखोपच्या तालमीचे वस्ताद हैबतराव पोरांना घेऊन मजा बघायला येत. "आक्का, जोर काढून झाले का? आता बैठका मारा."

पोरे हसत. आक्काने महाराजांचे पाय धरले.

महाराज म्हणाले, "आक्का, नाव घेऊन टाकलेत, नाव घेऊनच निघतील. पण नाव पलीकडच्या माणसाचं हवं. आणि नुसतं घोकून नाही, त्याची ओळख हवी."

आक्का थेट बोरेवळणात गेली. दोन दारे तोंडावर आपटली. तिसऱ्या दारातली बाई बराच वेळ बोलली. परत येऊन आक्का धोंड्याला म्हणाली, "भिका. हलगी वाजवायचा. कुत्र्याला घाबरायचा." आणि काय नवल! चौघांना न हलणारा धोंडा भाकरीसारखा हातात आला.

पोरांचे हसू थांबले. एकाने विचारले, "आक्का, आणखी कोण होते तिकडे?"

"मला काय विचारतोस? जा की तिकडं."

पोरे गेली. तिकडची पोरे इकडे आली. कोण तोतरा होता, कोणाचे लग्न ठरले होते, सगळे विचारू लागली. सटवाक्काच्या लेकाला गूळ चोरायची खोड होती, हे बोरेवळणच्या एका पोराने तिच्याच ओट्यावर बसून ऐकले. नवव्या दिवशी तळाशी एकच शिळा उरली. चाळीस पोरांनी दोर लावले. ती ढिम्म.

"ही तुमची, वस्ताद," महाराज म्हणाले.

हैबतराव म्हणाले, "मला तिकडचं कोणी ठाऊक नाही."

"एकजण आहे."

हैबतराव खाली उतरले. आक्काला वरून त्यांची नुसती पाठ दिसत होती.

"येसू," ते म्हणाले. "त्याच्या पोटात माझीच तलवार होती. त्याने पाणी मागितलं. मी आधी नाव विचारलं. त्याने सांगितलं. तरी मी दिलं नाही."

शिळा सरकली. पाणी त्यांच्या घोट्यांना लागले, मग गुडघ्यांना.

वर येताच हैबतराव महाराजांच्या पायांवर वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही, वस्ताद."

मागे येसूची म्हातारी आई उभी होती. सगळे ऐकत होती. हैबतरावांनी पोरांदेखत तिच्या पायांवर डोके ठेवले. म्हातारीने विहिरीतल्या पाण्याकडे पाहिले.

"ऊठ," ती म्हणाली. "आधी गुरांना पाज."