पासची खूण

गेमिंग माऊस बनवणाऱ्या त्या कंपनीत सकाळपासून कोणी कोणाशी बोलत नव्हतं. नवा बिनवायरचा माऊस पिसासारखा हलका होता, पण एकदा दाबला की क्लिक दोनदा व्हायचं. हे तोंडावर सांगणाऱ्या मिराशींना मालक कारखानीसांनी कालच घरी बसवलं होतं. मिराशींच्या जागी तपासणीला बसवलेल्या वैजयंतीला कारखानीस म्हणाले, “मुकाट्यानं पास कर.”

“तुमच्याच हातानं करा ना साहेब, याच माऊसनं.”

कारखानीसांनी पडद्यावरच्या ‘पास’च्या चौकटीत ऐटीत क्लिक केलं. बरोबरची खूण उमटली आणि लगेच पुसली गेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

वैजयंती खालच्या आवाजात म्हणाली, “मिराशी जे सांगत होते, तेच हाही सांगतोय साहेब. आता यालाही घरी बसवा.”