सुरम्याच्या डबीतली रात्र

एका राज्यात सात बुरुजांचे एक नगर होते. नगराच्या मधोमध मशीद, मशिदीसमोर हौद, आणि पश्चिमेच्या बुरुजावर एक तोफ. ती तोफ लढाईत कधी वाजली नाही. रमजानच्या महिन्यात सूर्य बुडाला की गोलंदाज तिला बत्ती देई, आणि तिचा आवाज ऐकून सारे नगर रोजा सोडी.

त्या नगरात रुकय्याबी नावाची एक बाई राहत होती. तिला एकच मुलगा, मुनीब. मुनीब पाळण्यात होता तेव्हा शेजारीण बाळंतपणात वारली. तिचे पोर रुकय्याबीने पदराखाली घेतले. त्याचे नाव तुफैल. दोघे एका आईचे दूध प्याले, म्हणून दूधभाऊ झाले. एका उस्तादापुढे बसले, पाक किताब तोंडपाठ केली आणि हाफिज झाले.

मुनीबने ती एक वर्ष आधी पाठ केली. त्याचा एक शब्द कधी इकडचा तिकडे होत नसे. पण त्याचा आवाज कसा? जात्यात वाळू पडावी तसा. तुफैल अधूनमधून विसरे. पण त्याचा आवाज असा, की हौदावर पाणी पिणारी कबुतरे चोच वर करून ऐकत राहत.

रमजानच्या रात्री मशिदीत तरावीहची नमाज होई. हाफिज पुढे उभा राहून रोज थोडी थोडी किताब म्हणे आणि सत्ताविसाव्या रात्री ती पुरी करी. ती रात्र कद्रची. हजार महिन्यांच्या बंदगीहून ती एक रात्र थोर, असे त्या नगरातले लोक मानत. पुढच्या हाफिजाच्या पाठीमागे दुसरा हाफिज उभा राही. पुढचा अडला की मागच्याने पुढचे शब्द सांगायचे. याला लुकमा देणे म्हणत.

त्या वर्षी सुलतानाने हुकूम केला, "तुफैल पुढे उभा राहील. मुनीब मागे उभा राहील. सत्ताविसाव्या रात्री जो किताब पुरी करील, त्याच्या खांद्यावर मी माझी हिरवी शाल घालीन."

मुनीबने मान लववली. पोटात मात्र निखारा पडला.

सव्वीस रात्री गेल्या. तुफैल एकोणीस वेळा अडला, आणि एकोणीस वेळा मुनीबने लुकमा दिला. ती एकोणीस ठिकाणे त्याला तोंडपाठ होती. लोकांना मात्र त्यातले एकही आठवत नव्हते. मशिदीच्या पायऱ्यांवर ते तुफैलचे हात हातात घेत, आणि मुनीबला पाहून एकमेकांना विचारत, "मधेच खरखरतो तो हाच का रे?"

ते त्याने सोसले. पण सव्विसाव्या रोजाच्या दिवशी, ज्याच्या संध्याकाळी सत्ताविसावी रात्र लागायची, आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "आज माझा तुफैल किताब पुरी करणार. त्याचा आवाज ऐकला की माझं पोट भरतं बघ."

"आणि माझा ऐकला की, अम्मा?"

रुकय्याबी हसली. "तुझा ऐकला की झोप उडते."

ती गमतीने बोलली, पण मुनीबला ते लागले. माझ्या वाटचे दूध त्याने प्यायले, आता माझी आईही घेतली, असे मनाशी म्हणत तो वेशीबाहेर गेला. तिथे मोडक्या मनोऱ्याखाली एक माणूस सुरमा खलत बसला होता. तो जादूगार जुल्मात होता. कद्रची रात्र आली की दरवर्षी त्याची विद्या लुळी पडे, म्हणून त्या रात्रीशी त्याचे वैर होते.

"हाफिज, डोळे लाल झालेत. काय हवं?" जुल्मातने विचारले.

"आजची रात्र नको," मुनीब म्हणाला. "ती येऊच नये."

"किताब ज्याला मुखोद्गत आहे त्याच्या तोंडचा 'नको' हवा होता मला," जुल्मात म्हणाला. त्याने सुरम्याची डबी उघडली, तिच्यातली चांदीची सळई आभाळाच्या पूर्व कडेवर फिरवली, येणारी रात्र सळईवर गोळा केली आणि डबीत घालून झाकण लावले. मग डबीसकट नाहीसा झाला.

संध्याकाळ झाली. घरोघर दस्तरखान अंथरले गेले, खजुरांच्या वाट्या मांडल्या गेल्या. गोलंदाज बत्ती पेटवून बुरुजावर चढला. सूर्य चिंचेच्या शेंड्यावर वीतभर उरला आणि तिथेच थांबला. बत्ती जळून गेली. गोलंदाजाने दुसरी पेटवली. तीही जळून गेली. सूर्य हलला नाही.

पाण्याची घटिका भरली, बुडाली, पुन्हा भरली. गाई कुरणातून परतेनात. कोंबडे आरवावे की गप्प बसावे, या विचारात कौलांवर बसून राहिले. काझी म्हणाले, "म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या यांनी पाणी प्यावे. जीव राखणे हाही धर्मच आहे." पुष्कळांनी ऐकले. पुष्कळांनी ऐकले नाही. रुकय्याबी म्हणाली, "सूर्य दिसतोय तोवर माझा रोजा आहे," आणि भिंतीला टेकून बसली.

घटिका मोजणाराने दोन दिवस मोजले. रुकय्याबीचे ओठ तडकले. तुफैल तिला पंख्याने वारा घालत होता. मुनीब दारात उभा होता. त्याच्या घशात थुंकीही उरली नव्हती.

तुफैल म्हणाला, "मुनीबभाई, रात्र आली तर तू मागे उभा राहशील ना? तू मागे नसलास तर माझं एक पानही पुढं सरकत नाही."

मुनीबला वाटले, आत्ता सांगून टाकावे. पण आईने डोळे उघडले ते तुफैलकडे पाहूनच, आणि त्याची जीभ पुन्हा टाळूला चिकटली. तो अंगणात आला. कुंपणावर एक हुदहुद्या पक्षी बसला होता. त्याने डोक्यावरचा तुरा उघडला आणि माणसासारखा बोलला.

"नको म्हणालास तू. आणायची तूच."

"कुठून?"

"खाऱ्या तळ्यापलीकडे जुल्मातचा कोट आहे. तिथे दोन दारे आहेत. पहिल्या दारी खोटे बोलू नकोस. दुसऱ्या दारी कशाला हात लावू नकोस. तिसरे काम मला ठाऊक नाही. आणि लवकर जा. तुझी आई हट्टी आहे."

हुदहुद्या पुढे उडाला, मुनीब मागे चालला. सूर्य हलत नव्हता, म्हणून सावलीही हलत नव्हती. किती वेळ चालला ते त्याला कळले नाही. खारे तळे ओलांडून तो कोटापाशी पोहोचला.

पहिल्या दारी पितळेचा सिंह बसला होता. तो म्हणाला, "तुझ्या नगरात सर्वांत गोड गळा कुणाचा?"

"आवाजाचं काय घेऊन बसलास?" मुनीब म्हणाला. "पाठांतर विचार."

कोटाची भिंत हातभर वर चढली. सिंहाने पुन्हा तेच विचारले.

"कुणाचाच नाही."

भिंत आणखी हातभर चढली. सिंहाने तिसऱ्यांदा विचारले. तळपायातला काटा उपसावा तसा मुनीबने शब्द उपसला.

"तुफैलचा."

दार उघडले.

दुसऱ्या दाराआड जुल्मातचा शापित खजिना होता. सोन्याच्या राशी होत्या, माणकांच्या राशी होत्या, आणि राशींभोवती हात पुढे केलेली माणसे दगड होऊन उभी होती. मुनीबने सोन्याकडे पाहिलेही नाही. पण मधल्या खुंटीवर एक हिरवी शाल टांगलेली होती. तिच्यातून गर्दीचा आवाज येत होता, "वाहवा, हाफिज मुनीब! काय गळा!" आणि त्या गर्दीत त्याच्या आईचा आवाज होता, "माझ्या मुनीबला ऐकलं की पोट भरतं."

मुनीबचा हात उठला. बोटे शालीपासून तसूभर उरली. त्याच्या उजव्या अंगाला दगड झालेला एक म्हातारा होता. त्याची बोटेही तशीच तसूभर अंतरावर होती.

मुनीबने दोन्ही हातांनी कान दाबले आणि मोठ्याने किताब म्हणायला सुरुवात केली. त्या खरखरीत आवाजापुढे शालीचा गोड आवाज ऐकू येईना. आपला आवाज आपल्याच कामाला येण्याची ही त्याची पहिली वेळ. म्हणत म्हणत तो दालन पार करून गेला.

पलीकडे जुल्मात डबी घेऊन बसला होता. त्याने ती मुकाट्याने पुढे केली.

"दोन दारे ओलांडणाऱ्याला ही द्यावी लागते. नगरात जाऊन उघड. रात्र बाहेर येईल, पण तारे आतच राहतील. तिसरे काम केलेस तर तारे येतील आणि रात्र आपल्या वेळी सरेल. नाही केलेस, तर ती बिनताऱ्यांची रात्र कधी उजाडायची नाही."

"तिसरे काम कोणते?"

"ते तुझ्या जिभेवर आहे," जुल्मात म्हणाला आणि हसला. "आणि तुझ्या जिभेवर माझा भरवसा आहे, हाफिज."

मुनीब नगरात परतला. हौदाच्या काठावर त्याने डबी उघडली. आतून सुरम्यासारखी काळी रात्र निघाली आणि आभाळभर पसरली. सूर्य चिंचेआड उतरला. तोफ कडाडली. घराघरांतून एकच हुंदका उठला, आणि मग फक्त पाणी पिण्याचे आवाज. तुफैलने रुकय्याबीच्या तोंडाला वाटी लावली. मुनीबने हौदातले ओंजळभर पाणी पिऊन रोजा सोडला. खजूर त्याच्या घशाखाली गेला नसता. वर पाहिले तर आभाळात एकही तारा नव्हता. झाकण सताड उघडे होते, तरी डबीच्या तळाशी काहीतरी चमकत होते.

रात्रीची नमाज झाली. मशिदीत पाय ठेवायला जागा उरली नाही. तुफैल पुढे उभा राहिला, मुनीब त्याच्या मागे. तुफैलने किताबीचा राहिलेला भाग म्हणायला घेतला. दोन दिवसांहून लांबलेल्या उपासानेही त्याचा आवाज फाटला नव्हता. ऐकता ऐकता मुनीबच्या पोटातला निखारा पुन्हा फुलला. इतके करूनही तो विझला नव्हता.

होता होता शेवटचे दोन छोटे पाठ उरले. ते नगरातल्या लहान पोरांनाही येत. शेवटून दुसऱ्या पाठात माणूस देवाकडे आसरा मागतो, दाटून येणाऱ्या अंधारापासून, गाठी मारून त्यांवर फुंकर घालणाऱ्या जादूगारांपासून. त्या पाठाचे अखेरचे वाक्य यायचे होते, आणि तुफैल अडला.

तुफैलने मागचे वाक्य पुन्हा म्हटले, आणि पुन्हा तिथेच थांबला.

पुढचे वाक्य मुनीबच्या जिभेवर होते. त्या वाक्यात माणूस हेवा करणाऱ्याच्या हेव्यापासून आसरा मागतो.

मुनीबने एक श्वास घेतला. पोरांना येते ते याला येत नाही, कळू दे एकदा साऱ्यांना, असे मनाने म्हटले. त्याने दुसरा श्वास घेतला. पुढे तुफैलची मान थरथरत होती. त्याच मानेला लहानपणी मुनीब पोहताना धरून असे, कारण तुफैलला खोल पाण्याची भीती वाटे.

त्याने ते वाक्य मोठ्याने सांगितले. जात्यातल्या वाळूसारख्या आवाजात त्याने ते शेवटच्या शब्दापर्यंत सांगितले, आणि प्रत्येक शब्द आपल्यालाच उद्देशून आहे हे त्याला उमगले. तुफैलने ते उचलले, शेवटचा पाठ म्हटला आणि किताब पुरी झाली.

हौदाकाठी डबी फुटली. तारे वर गेले, जागच्या जागी बसले. खाऱ्या तळ्यापलीकडे कोट मिठासारखा विरघळला, जुल्मात त्याच्यासकट विरघळला, आणि दगडाची माणसे हात चोळत आपापल्या गावांना निघाली.

नमाज संपली. सुलतान उठला. हिरवी शाल त्याच्या हातात होती. "हुदहुद्याने मला सांगितले, रात्र मुनीबने आणली. तुफैल, मी वचन तुला दिले होते. पण आज ही शाल याची आहे."

"माझ्या मनात तेच होतं, खाविंद," तुफैल म्हणाला. लोक ओरडले, "वाहवा, हाफिज मुनीब!" त्या गर्दीत त्याच्या आईचा आवाज होता, आणि या वेळी तो खरा होता.

मुनीबने खांदा मागे घेतला.

"खाविंद, पाखराने अर्धेच सांगितले. रात्र मीच घालवली होती. तुफैलने किताब पुरी करू नये म्हणून. मला त्याचा हेवा वाटला. मघाशीही वाटत होता."

सुलतानाने काझींकडे पाहिले. काझी म्हणाले, "देवाची माफी याने देवाकडे मागावी. ज्यांचा रोजा याने लांबवला, त्यांची त्यांच्याकडे मागावी. रात्र अजून पुष्कळ आहे."

कद्रची ती रात्र कुणी नमाजेत जागवली, कुणी किताब वाचीत. मुनीबने ती दारोदार जागवली. गोलंदाज म्हणाला, "माझ्या अकरा बत्त्या खाल्ल्यास, मेल्या! जा, केलं माफ." एका म्हातारीने दोन शिव्या दिल्या, मग पाठीवर हात ठेवला. एका घराने दार उघडलेच नाही. मुनीब त्या उंबऱ्याशी बराच वेळ उभा राहिला, आणि आतून खोकल्याआड "बरं, बरं" ऐकल्यावरच हलला.

शेवटचे घर स्वतःचे होते. रुकय्याबीने त्याला पाहिले, एक थोबाडीत दिली, आणि मग त्याच गालाला गाल लावून रडली. "झोप उडते म्हणाले, ते खोटं नव्हतं रे. पहाटे तू किताब म्हणतोस, त्यानेच मी जागी होते. बावीस वर्षांत माझी एक फज्रची नमाज चुकली नाही."

तुफैल कोपऱ्यात बसला होता. मुनीब त्याच्यासमोर बसला. तुफैलने वाटीतला एक खजूर उचलला, बी काढली आणि त्याच्या तोंडात घातला.

"मुनीबभाई, पुढच्या रमजानात तू पुढे उभा राहा. मी मागे राहतो."

मुनीबने खजूर चावला. "मी अडलो तर?"

"मी सांगेन."

"तू विसरशील."

तुफैल विचारात पडला. "विसरेन खरा. मग?"

"मग तू पुढे," मुनीब म्हणाला, "आणि मी मागे."

तेवढ्यात पूर्वेला उजाडू लागले, अगदी वेळेवर. त्या राज्यात पुढे सूर्य कधी चिंचेवर अडकला नाही. तो जसा तिथे मावळला, तसा तुमच्याआमच्या अंगणात मावळो, आणि येणारी रात्र कुणालाही नकोशी न होवो.