कठड्यावरचं ऊन

“...मग आता तरी सही कराल ना, बुवा?”

निशिकांतनं पुन्हा विचारलं. अच्युतबुवा खिडकीच्या काचेला नाक लावून बाहेर बघत होते.

बुवा म्हणजे आमच्या मठाचे गुरू. निशिकांत त्यांच्याच हाताखाली लहानाचा मोठा झाला, पुढे आर्किटेक्ट झाला. मठाच्या जमिनीवरची वाडी पाडून त्याला तिथं पर्यावरणपूरक वसाहत उभारायची होती. वाडीतल्यांना त्यातच घरं मिळणार होती. अडलं होतं ते बुवांच्या सहीपाशी. म्हणून तर त्यानं आम्हाला उत्तर युरोपातल्या या बंदराच्या गावी आणलं. जुन्या गोदीच्या जागेवर इथल्या लोकांनी अशीच वसाहत बांधली आहे, ती एकदा डोळ्यांनी बघा म्हणाला. आमची उतरायची सोयही तिथंच केली होती.

मी भिकाजी, मठाचा स्वयंपाकी. बुवांच्या सोबतीला आलो. विमानाचं तिकीट कुणी उगाच काढून देत नाही, हे मला घरून निघतानाच कळलं होतं. बुवांनाही कळलं असणार. ते दूधसुद्धा वास घेतल्याशिवाय पीत नाहीत.

“इथं पावसाचं पाणी वाया जात नाही,” निशिकांत सांगत होता. “कचऱ्याचं खत होतं. छपरावर सगळीकडे सोलर. बाहेरची वीज जवळजवळ लागतच नाही.”

“आवाज का येत नाही?” बुवा म्हणाले.

“कसला?”

“माणसांचा.”

“भिंती जाड आहेत, बुवा. ऊब आत राहते. आवाज बाहेर राहतो.”

“अस्सं...”

हे ‘अस्सं’ मी ओळखतो. वाण्याच्या काट्याकडे बघताना बुवा असंच म्हणतात.

मग त्यांनी आंघोळ केली. पंचा धुतला, पिळला आणि बाल्कनीच्या कठड्यावर टाकला. ऊन लख्ख पडलं होतं.

थोड्याच वेळात दारावरची बेल वाजली. वसाहतीची व्यवस्था बघणारी बाई होती. हसून, अगदी गोड आवाजात काहीतरी बोलली आणि गेली. निशिकांतचे कान लाल झाले. तो धावत जाऊन पंचा आत घेऊन आला.

“बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, बुवा. नियम आहे. इमारत वाईट दिसते.”

“मग वाळवायचे कुठं?”

“तळघरात मशीन आहे. उन्हाच्या विजेवरच चालतं.”

“ऊन छपरावर पडतं.”

“हो.”

“तिथून तारेतनं तळघरात जातं.”

“हो.”

“आणि तिथं पंचा वाळवतं.”

“हो, बुवा.”

“मग कठड्यावर पडलंय ते काय आहे?”

निशिकांत माझ्याकडे वळला. “हे तुम्ही भरवलंय ना त्यांच्या डोक्यात, भिकूकाका?”

मला राग आला. माझं डोकं एवढं चालत असतं तर मी चुलीपाशी कशाला बसलो असतो?

“वाडीतल्या बायका आमसुलं वाळवतात,” बुवा म्हणाले. “त्यावर त्यांची घरं चालतात. तुझ्या नकाशात अंगण कुठं आहे?”

“अंगण नाही. बाग आहे. आणि... मशीन आहे.”

“आणि हा नियम?”

निशिकांत हातातल्या पंच्याची घडी घालायला लागला.

“तिथंही आहे का?”

“आहे,” निशिकांत खाली बघत म्हणाला. “मीच लिहिलाय.”

बुवांनी त्याच्या हातातून पंचा घेतला आणि बाल्कनीत गेले. या खेपेला त्यांनी तो कठड्यावर टाकला नाही. दोन टोकं दोन हातांत धरली, हात ताणले आणि तसेच उन्हात उभे राहिले.

“बुवा, हे काय?”

“कठड्यावर टाकू नका म्हणालास. कुठं टाकलाय?”

खाली ती बाई थबकली. तिच्यासोबत ही वसाहत बांधणारी मंडळी होती. आपल्या वाडीच्या कामात निशिकांतला त्यांचीच साथ हवी होती. ती सगळी आम्हाला जेवायला न्यायला आली होती. सगळ्यांच्या माना वर झाल्या.

“आत चला, बुवा. पाया पडतो तुमच्या. माझी शोभा होतेय.”

बुवांचे हात खाली यायला लागले, तसे त्यांनी ते पुन्हा ताणले. मला वाईट वाटलं, पण मध्ये पडायची माझी छाती झाली नाही.

समोरच्या इमारतीत एक म्हातारी बाल्कनीत बसली होती. तिनं बुवांना नीट न्याहाळलं आणि उठून आत गेली.

“गेली तक्रार करायला,” निशिकांत म्हणाला.

मलाही तेच वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात उशीचा ओला अभ्रा होता. तिनं तो दोन्ही हातांनी ताणून उन्हात धरला आणि बुवांकडे बघून मान हलवली. बुवांनीही हलवली.

खालच्या मंडळींना कुणाकडे बघावं ते कळेना.

निशिकांत बाल्कनीच्या दारात उभा होता. सहीचा कागद त्याच्या हातात होता. बराच वेळ तो पुढेही आला नाही आणि मागेही गेला नाही.

“बुवा... वाडीत जाऊन मी काय सांगू? सही करणार की नाही, एवढं तरी सांगा.”

बुवांनी मान वळवली नाही.

“हात गुंतलेत,” ते म्हणाले. “दुसरं टोक धर.”